सिंदबादच्या दारातला हमाल

१९९८ साली लंडनच्या ब्लूम्सबरी प्रकाशनाने एक गमतीची गोष्ट केली. आदल्याच वर्षी काढलेली हॅरी पॉटरची पहिली कादंबरी त्यांनी पुन्हा एकदा बाजारात आणली. आतलं एक अक्षरही बदललं नव्हतं. बदललं होतं ते फक्त मुखपृष्ठ. रंगीत चित्राच्या जागी वाफेच्या इंजिनाचं कृष्णधवल छायाचित्र आलं. हे पुस्तक मोठी माणसंही वाचत होती, पण रेल्वेच्या डब्यात चारचौघांत ते उघडून बसायला त्यांना संकोच वाटत असणार. प्रकाशकाने ही अडचण ओळखली आणि पांघरूण पुरवलं. शाळेत असताना आपण भूगोलाच्या पुस्तकात गोष्टीचं पुस्तक लपवून वाचायचो. इथे चाळिशीतली माणसं मुलांचं पुस्तक मोठ्यांच्या मुखपृष्ठात लपवून वाचू लागली!

पुढे जुलै २००० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने सर्वाधिक खपाच्या पुस्तकांमध्ये मुलांसाठी वेगळी यादी सुरू केली. कारण हेच. या एका मुलाने मोठ्यांच्या यादीतल्या वरच्या जागा अडवून ठेवल्या होत्या. मग मुलांची पंगत वेगळी बसवली गेली. वाढलेलं जेवण अर्थात तेच होतं, आणि जेवणारेही तेच.

आपल्यातही असे छुपे वाचक कमी नाहीत. मुलीला क्लासला सोडून पार्किंगमध्ये तिचंच पुस्तक वाचत बसणारे बाबा असतात. मुलाने अर्धं टाकलेलं पुस्तक ‘जरा बघते काय वाचतोय ते’ म्हणून हातात घेणाऱ्या आणि रात्री दीडला संपवणाऱ्या आयाही असतात. विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘काही नाही हो, विरंगुळा. पुन्हा लहान झाल्यासारखं वाटतं.’

या उत्तराबद्दलच मला थोडं बोलायचं आहे, कारण ते मला पटत नाही. मी हॅरी पॉटर पहिल्यांदा वाचला तेव्हा परदेशात एम. एस. करत होतो, वय तेवीस. लहानपणी मी तो वाचलेलाच नव्हता, वाचणं शक्यही नव्हतं. मग तो वाचून मी परत जाणार कुठल्या बालपणात? माझं बालपण ‘चांदोबा’ आणि ‘फास्टर फेणे’मध्ये गेलं. त्यात घुबडं पत्र आणत नव्हती. तरीही ते पुस्तक मला आवडलं, आणि आज चाळिशी ओलांडल्यावर पुन्हा वाचताना अधिक आवडलं. याचा अर्थ, या आनंदाचा उगम स्मरणरंजनात नाही. तो कुठे आहे, ते शोधायला हवं.

त्यासाठी आधी एक गैरसमज दूर करू. अद्भुत गोष्टी या मुळात मुलांसाठी असतात आणि मोठी माणसं त्यात घुसखोरी करतात, अशी आपली समजूत आहे. इतिहास नेमका उलटा आहे. टोल्किनने १९३९ साली परीकथांवर एक व्याख्यान दिलं होतं. त्यात त्याने म्हटलं, की बैठकीच्या खोलीतलं जुनं फर्निचर नकोसं झालं की मुलांच्या खोलीत जातं, तशा या कथा मुलांकडे गेल्या. मुलांनी त्या मागितल्या नव्हत्या. मोठ्यांनी त्या टाकल्या.

मराठीतही तसंच घडलं. १८५७ साली बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ आली, विधवांच्या दुःखावरची. पण त्यानंतरच्या काळात बहर आला तो ‘मुक्तामाला’ (१८६१), ‘मंजुघोषा’ (१८६८) अशा अद्भुतरम्य कादंबऱ्यांचा. ताटातूट, कारस्थानं, संकटं आणि विलक्षण योगायोग असा सगळा मामला. त्या वाचणारी माणसं मिशा फुटलेली, नोकरीधंद्यातली होती. त्याच १८६०च्या दशकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आणायला घेतल्या, आणि पुढे त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री यांचाही त्या कामाला हात लागला. ज्या घराण्याने मराठी गद्याला वळण लावलं, त्याला राक्षस आणि जादूचे दिवे मराठीत आणणं कमीपणाचं वाटलं नाही. मग १८८५ साली हरिभाऊ आपट्यांची ‘मधली स्थिती’ आली, त्यापाठोपाठ ‘पण लक्षात कोण घेतो’ आली, आणि मराठी कादंबरी घराघरातल्या खऱ्या माणसांकडे वळली. हे फार मोठं काम झालं यात शंका नाही. पण त्याची एक किंमतही पडली. खरं ते मोठ्यांचं आणि अद्भुत ते पोरासोरांचं, अशी वाटणी झाली. नाथमाधवांची ‘वीरधवल’ त्यानंतरही घरोघर वाचली गेली, पण ‘वाङ्मय’ म्हणून तिचं नाव कुणी फारसं घेतलं नाही.

आपण राहतो त्या या किनाऱ्यावरही वेगळं नव्हतं. मोत्यांसाठी समुद्रात जाणाऱ्या इथल्या लोकांमध्ये ‘बू दर्या’ची कथा सांगितली जाई. बू दर्या म्हणजे दर्याचा बाप. आपल्याला शब्दकोशही उघडावा लागत नाही! अर्धा माणूस आणि अर्धा जलचर असा हा जीव रात्री मदतीसाठी हाका मारून खलाशांना फसवतो. ही कथा सांगणारे आणि ऐकणारे गडी दिवसभर श्वास रोखून समुद्राच्या तळाशी जाणारे होते. त्यांना विरंगुळा हवा होता असं म्हणणं म्हणजे त्यांच्या भीतीचा अपमान आहे.

तेव्हा मोठा माणूस अशी पुस्तकं वाचतो तेव्हा तो मुलांच्या खोलीत शिरत नाही, स्वतःचं जुनं फर्निचर परत बघायला जातो, एवढं मान्य करू. पण प्रश्न उरतोच. मुलाला त्या पुस्तकात जे दिसतं तेच त्याला दिसतं का? माझं उत्तर आहे, नाही. एकाच गोष्टीत बसायच्या दोन जागा असतात. मूल एका जागी बसतं आणि आपण दुसऱ्या. चांगल्या पुस्तकाची खूण हीच, की त्यात ही दुसरी जागा लेखकाने मोकळी ठेवलेली असते.

याचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणजे सिंदबाद. जवळचं अशासाठी, की सिंदबाद बसऱ्याहून जहाजात बसतो आणि आपल्या याच आखातातून खाली उतरतो. दोह्याच्या दक्षिणेला उम्म अल हौलला उभं राहिलेलं हमद पोर्ट (डिसेंबर २०१६ मध्ये तिथे काम सुरू झालं आणि ५ सप्टेंबर २०१७ला रीतसर उद्घाटन झालं) त्याच जुन्या जलमार्गावर आहे. आज तिथून न्हावाशेव्याला माल जातो-येतो. सिंदबादही हिंदुस्थानात जातो.

सिंदबाद म्हटलं की मुलांना काय आठवतं? बेट समजून ज्यावर उतरले तो मासा. अंगणाएवढं अंडं घालणारा पक्षी. हिऱ्यांची दरी. सात सफरी, सात संकटं. पण मूळ कथा समुद्रावर सुरू होतच नाही. ती बगदादच्या रस्त्यावर सुरू होते. भयंकर उकाड्याचा दिवस आहे. एक हमाल डोक्यावर ओझं घेऊन चालला आहे. एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या दाराशी सडा घालून जागा गार केलेली दिसते, म्हणून तो ओझं टेकवून तिथल्या बाकावर बसतो. आतून गाण्याचा आवाज आणि जेवणाचा वास येतो. आणि तो देवाकडे तक्रार करतो, की आम्ही सगळे एकाच मातीचे, मग तो आत का आणि मी इथे का? घरातला व्यापारी ते ऐकतो आणि त्याला आत बोलावून नाव विचारतो. बर्टनच्या भाषांतरात दोघांचंही नाव एकच निघतं. आतला सिंदबाद आणि बाहेरचाही सिंदबाद. सात सफरींच्या गोष्टी व्यापारी सांगतो त्या या हमालाला, आणि प्रत्येक वेळी त्याला शंभर मोहरा देऊन घरी पाठवतो.

मुलांच्या संक्षिप्त आवृत्त्यांमधून काय गाळलं जातं, तर बहुधा हा हमाल. गोष्टीला वेग यावा म्हणून. मुलांची त्याबद्दल काही तक्रारही नसते, कारण त्यांना मासा हवा असतो. पण इथे येऊन काही वर्षं काढलेल्या मोठ्या माणसाने मूळ कथा वाचावी. १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करायला इथे बंदी असते. बंदी आहे, कारण तो उकाडा माणसाला मारू शकतो. वातानुकूलित कचेरीच्या काचेतून बाहेर बघताना, जहाजावर कंटेनर बांधून ठेवणारे लोखंडी गज सोडवणारे कामगार दिसतात. त्यांचे आणि आपले पासपोर्ट पुष्कळदा एकाच देशाचे असतात. कधी आडनावही एकच निघतं. अशा वेळी त्या हमालाचा प्रश्न बगदादचा राहत नाही. ‘हमाल’ हा शब्दही आपण अरबीतूनच घेतला आहे. नुसता शब्द घेऊन प्रश्न तिथेच ठेवता येत नाही.

आणि मग त्या सात सफरी वेगळ्या ऐकू येतात. मुलाला त्या साहसकथा वाटतात. मोठ्याला दिसतं, की ही एका श्रीमंत माणसाने गरिबापुढे दिलेली कैफियत आहे. ‘बाबा रे, मी हे सगळं फुकट मिळवलेलं नाही, फार कष्ट काढले,’ असं तो सात दिवस सांगतो आहे. आता त्या कैफियतीत काय आहे ते बघा. चौथ्या सफरीत तो अशा देशात पोचतो, जिथे नवरा-बायकोपैकी एक मेला की दुसऱ्याला जिवंतपणीच त्याच्यासोबत पुरतात. सिंदबादची बायको मरते आणि त्याला थोडं पाणी आणि सात भाकऱ्या देऊन गुहेत सोडलं जातं. शिदोरी संपते तेव्हा तो काय करतो? मागाहून गुहेत सोडलेल्या जिवंत माणसांना तो मारतो आणि त्यांच्या भाकऱ्या खातो. पुढे तिथून सुटतो तेव्हा प्रेतांच्या अंगावरचे दागिनेही बरोबर घेऊन येतो. हे तो स्वतःच्या तोंडाने, मेजवानीच्या ताटावर बसून सांगतो. हमाल ऐकतो आणि मोहरा घेऊन घरी जातो. कथाकार त्यावर अवाक्षर काढत नाही. कष्टाने मिळवलं, हे खरं. पण कुणाच्या भाकरीवर तगून, हा प्रश्न त्याने आपल्यासाठी सोडून दिला आहे. गौरी देशपांडे यांनी बर्टनच्या ग्रंथाचा मराठीत सोळा खंडांत अनुवाद केला आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी तो मिळवावा. मुलांच्या कपाटातून उचलून मोठ्यांच्या हातात परत दिलेलं, असं मी त्या कामाला म्हणेन.

कुणी म्हणेल, अरेबियन नाइट्स मुळातच मोठ्यांचं. खास मुलांसाठी लिहिलेल्या कादंबरीत ही दुसरी जागा कुठून येणार? म्हणून आता तसंच एक पुस्तक घेऊ. उर्सुला ले ग्विन यांची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ १९६८ साली आली. प्रकाशकाने त्यांना मोठ्या मुलांसाठी काहीतरी लिहा असं सांगितलं, म्हणून त्यांनी ती लिहिली. बेटाबेटांचं जग आहे. गेड नावाचा गुराख्यासारखा वाढलेला मुलगा जादू शिकायला जातो. तिथली जादू म्हणजे कांडी फिरवणं नव्हे. प्रत्येक वस्तूचं एक खरं नाव असतं आणि ते ज्याला ठाऊक, त्याची त्या वस्तूवर सत्ता. त्यामुळे विद्यार्थ्यांना एका एकाकी मनोऱ्यात राहून नावांच्या याद्याच्या याद्या पाठ कराव्या लागतात. लहान वाचक हे प्रकरण भराभरा उलटतात. तिथे काही घडत नाही ना!

माझं मात्र हे सगळ्यात आवडतं प्रकरण आहे. बंदराच्या संगणकप्रणालीवर काम करणाऱ्या माणसाला ते कळायला वेळ लागत नाही. हमद पोर्टवर येणाऱ्या प्रत्येक कंटेनरला अकरा चिन्हांचं नाव असतं. पहिली तीन अक्षरं मालकाची, चौथं प्रकाराचं, मग सहा आकडे, आणि शेवटी पडताळणीचा एक आकडा, जो आधीच्या दहा चिन्हांवरून गणित करून काढतात. कंटेनरमध्ये काय आहे हे आम्हाला दिसत नाही. दिसतं ते नाव. नाव बरोबर असेल तर वीस-पंचवीस टनांची ती पेटी क्रेन उचलते, योग्य रांगेत ठेवते, योग्य ट्रकवर चढवते. नावातला एक आकडा चुकला की पडताळणी जुळत नाही आणि ती पेटी समोर उभी असूनही आमच्या दृष्टीने नाहीशी होते. अर्थसीत जे जादू म्हणून सांगितलं आहे, ते आम्ही रोज पगारासाठी करतो. आणि बँकेत, इमिग्रेशनच्या खिडकीवर, इस्पितळात आपलंही तेच होतं. आपण म्हणजे एक नाव आणि एक क्रमांक. लहान मुलाला हे कल्पनारम्य वाटतं, कारण त्याच्या कागदपत्रांची काळजी अजून त्याचे आईबाप करतात.

या कादंबरीत आणखी एक गोष्ट मोठ्यांनी बघण्यासारखी आहे. एका गुरूला गेड विचारतो, खड्याचा हिरा दिसण्यापुरता नव्हे तर खरोखरचा कसा करायचा? गुरू म्हणतो, तसं करता येईल, पण त्याने जग बदलेल, आणि त्याचे परिणाम काय होतील ते ठाऊक नसताना एक खडासुद्धा बदलू नये. पुढे गेड ईर्ष्येपोटी नको ती विद्या वापरतो. त्यातून एक सावली सुटते आणि त्याच्या मागे लागते. ती कोण आहे आणि तिचं नाव काय, हे शेवटी कळतं. ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी मी ते सांगत नाही. एवढंच म्हणतो, की पंधराव्या वर्षी तो शेवट चटकदार वाटतो आणि पंचेचाळिसाव्या वर्षी खरा.

आता हॅरी पॉटरकडे वळू, कारण आपल्या घरांत तोच जास्त आहे. मराठीत पहिल्या भागाचं नाव ‘हॅरी पॉटर आणि परीस’ असं झालं. इंग्रजी वाचलेली आपली मुलं यावर आक्षेप घेतात आणि तो रास्त आहे. मूळ दगड दोन कामं करतो. धातूचं सोनं करतो आणि अमृतही देतो. आपला परीस फक्त लोखंडाचं सोनं करतो, अमर कुणाला करत नाही. म्हणजे निम्मा अर्थ सांडला. पण मला वाटतं, जेवढा सांडला त्याहून जास्त आत आला. आपल्याकडे परीस हा शब्द संतांनी घासून पुसून ठेवला आहे. परीस म्हटलं की सोन्याबरोबर निरिच्छपणाही आठवतो. आणि कादंबरीच्या शेवटी तो दगड मिळतो कुणाला? ज्याला तो शोधायचा आहे पण वापरायचा नाही, त्याला. हे मराठी वाचकाला शीर्षकातच अर्धं कळलेलं असतं.

याच भागात निकोलस फ्लामेल आणि त्याची बायको यांचा एक ओझरता उल्लेख आहे. तो ६६५ वर्षांचा, ती ६५८ वर्षांची. दगड नष्ट करायचं ठरतं, म्हणजे आता ही दोघं मरणार. पण सगळी व्यवस्था लावून होईपर्यंत पुरेल एवढं अमृत त्यांच्याकडे शिल्लक आहे. मुलं या ओळींवरून सुसाट पुढे जातात. आपण थांबतो. आवराआवर, कागदपत्रं, घर कुणाच्या नावावर, किल्ल्या कुणाकडे हे सगळं आपण गावाकडे आईवडिलांच्या घरात बघत असतो, किंवा बघायचं टाळत असतो. सहाशे वर्षं एकत्र काढलेलं जोडपं शांतपणे आवरायला घेतं, हे मुलांच्या पुस्तकात दोन-तीन वाक्यांत आहे. मोठ्यांच्या कादंबरीत त्यावर शंभर पानं खर्च झाली असती.

आणि तो आरसा! बघणाऱ्याच्या मनातली सगळ्यात खोल इच्छा दाखवणारा. पोरक्या हॅरीला त्यात आईवडील दिसतात. तो रोज रात्री जाऊन त्यासमोर बसू लागतो, आणि मग मुख्याध्यापक डंबलडोर त्याला समजावतात, की याच्यासमोर बसून माणसं झिजून गेली आहेत. मुलाला वाईट वाटतं ते हॅरीसाठी. आपल्याला आठवतो तो शुक्रवार सकाळचा फोन. पडद्यावर आई दिसते, बाबा मागून डोकावतात, दर वेळी थोडे अधिक थकलेले. बघता येतं, हात लावता येत नाही. हॅरी डंबलडोरना विचारतो, तुम्हाला या आरशात काय दिसतं? ते म्हणतात, लोकरीच्या मोज्यांची जोडी हातात घेतलेला मी. मुलं इथे हसतात. मोठ्या वाचकाला तिथल्या तिथे कळतं, की म्हातारा खोटं बोलतो आहे. काय लपवतो आहे ते कळायला शेवटच्या, सातव्या भागापर्यंत थांबावं लागतं, पण काहीतरी लपवतो आहे हे आपण ओळखतो. कारण मुलांनी विचारल्यावर आपणही असेच मोजे पुढे केलेले असतात.

याचा अर्थ ही पुस्तकं निर्दोष आहेत असं नाही. मोठ्यांनी वाचायचं तर मोठ्यांसारखं वाचावं, नुसत्या टाळ्या वाजवू नयेत. हॅरी पॉटरचे चौथ्यापासून पुढचे भाग विनाकारण फुगलेले आहेत. संपादकाची कात्री कुठे गेली होती कोण जाणे. तिसऱ्या भागात काळ मागे फिरवणारं यंत्र येतं आणि त्या भागापुरतंच वापरलं जातं. मग पुढच्या प्रत्येक मृत्यूच्या वेळी वाचकाला प्रश्न पडतो, की आता का नाही मागे जात? पाचव्या भागात लेखिकेने मंत्रालयातली ती सगळी यंत्रं एका झटापटीत फोडून टाकली. आमच्या धंद्यात याला ‘पॅच’ म्हणतात. आधी दार उघडं टाकायचं आणि चार वर्षांनी भिंत बांधायची! ले ग्विनच्या जगात असं होत नाही, कारण तिथे प्रत्येक जादूची किंमत आधीच ठरलेली आहे आणि ती लेखिकेलाही चुकत नाही. अद्भुताला नियम नको असतात ही समजूत चुकीची आहे. उलट जिथे काहीही होऊ शकतं, तिथे नियम जास्तच कडक लागतात.

दुसरा दोष वाचकांचा, म्हणजे आपला. मोठी माणसं या पुस्तकांवर आली की हळूहळू ती आपल्या सोयीची करू पाहतात. आणखी काळोखी हवी, आणखी राजकारण हवं. फिलिप पुलमनच्या ‘दि अँबर स्पायग्लास’ला व्हिटब्रेड पुरस्कारांत २००१चं सर्वोत्कृष्ट पुस्तक ठरवलं गेलं. तो मान मिळालेलं ते पहिलं मुलांचं पुस्तक होतं आणि त्याचं कौतुक योग्यच होतं. पण तेव्हापासून ‘हे तर खरं मोठ्यांचंच पुस्तक आहे’ हा शेरा म्हणजे शाबासकी झाली. माझ्या मते ही शाबासकी नव्हे. मुलाची जागा काढून घेऊन जे मोठ्यांचं होतं, त्यात आणि बाकी कादंबऱ्यांत फरक तो काय राहिला? दोन्ही जागा शाबूत हव्यात. आपल्याकडे जी. ए. कुलकर्णींसारखा नियतीशी झुंजणारा लेखक ‘बखर बिम्मची’ लिहितो, तेव्हा तो बिम्मला प्रौढ करत नाही, स्वतः खाली बसतो. रत्नाकर मतकरींचं ‘अलबत्या गलबत्या’ २०१८ साली पुन्हा रंगभूमीवर आलं. चेटकिणीच्या भूमिकेत वैभव मांगले होते. मुलांना घेऊन आलेले आईबाप त्या थिएटरात मुलांइतकंच हसत होते, ते नाटक पोरांचं राहिलं म्हणूनच.

आता आपल्या घरचा मुद्दा. इथे वाढणारी आपली मुलं इंग्रजीत वाचणार, हे आपण शाळा निवडली त्या दिवशीच ठरून गेलं. किशोरवयीन मुलांसाठी मराठीत दीर्घ अद्भुत कादंबऱ्या फार थोड्या आहेत, त्यामुळे ‘मराठी वाच’ म्हणून मागे लागलो तरी हातात द्यायला सात खंड कुठून आणणार? मग होतं काय, की बाराव्या-तेराव्या वर्षी मूल एका मोठ्या, रंगीत, भाषेने परक्या जगात निघून जातं आणि आपण दारात उभे राहतो. मराठी उरते ती ‘जेवलास का’ आणि ‘अभ्यास झाला का’ एवढीच. यातली खरी हानी शब्दांची नाही. आपल्या मुलाला कशाची भीती वाटते आणि काय योग्य वाटतं, हे आपल्याला आपल्या भाषेत ऐकायलाच मिळत नाही.

तेच पुस्तक आपण वाचलं असेल तर मात्र बोलायला जागा मिळते. पुस्तक इंग्रजीत असू दे, भांडण मराठीत होऊ शकतं. सिरियसने तसं करायला हवं होतं का? गेडने सावलीपासून पळायला हवं होतं की तिच्यामागे जायला? या प्रश्नांना ‘जेवलास का’चे शब्द पुरत नाहीत. गद्दारी, ईर्ष्या, पश्चात्ताप, उपकार हे शब्द लागतात, आणि लागले की मुलं ते उचलतात. वेताळ राजा विक्रमाला हेच करायला लावत होता. गोष्ट सांगायची आणि शेवटी न्याय विचारायचा. डोकी बदललेल्या दोन पुरुषांपैकी नवरा कोणता, हा वेताळाच्या पंचविशीतलाच प्रश्न, आणि त्यावरच गिरीश कार्नाडांनी ‘हयवदन’सारखं मोठ्यांचं नाटक रचलं. एक अट मात्र पाळावी. आपल्या जागेवरून दिसतं ते मुलांवर लादू नये. तात्पर्य सांगितलं की मूल पुस्तक मिटतं. आपण आपलं मत द्यावं, त्याचं ऐकावं, आणि हरायची तयारी ठेवावी.

एज्युकेशन सिटीमधलं कतार नॅशनल लायब्ररी २०१७ साली खुलं झालं. मुलांचा आणि किशोरांचा विभाग तिथे ऐसपैस आहे. एखाद्या शनिवारी मुलांना तिथे घेऊन जा आणि त्यांनी निवडलेलं पुस्तक त्यांच्याआधी तुम्ही वाचा. मुखपृष्ठ झाकायची गरज नाही. आणि कधी सिंदबादची गोष्ट सांगायची वेळ आली, तर कृपा करून समुद्रापासून सुरू करू नका. आधी तो उकाडा सांगा, ते ओझं सांगा, दारातला गार सडा सांगा. मुलं ‘मासा कधी येणार?’ म्हणून घाई करतील. करू द्या. मासा येईलच. पण मोहरा घेऊन घरी गेलेल्या त्या हमालाचं पुढे काय झालं, हे त्यांच्यापैकी एखादं कधीतरी विचारेल. कथा सांगते ते एवढंच, की पुढे दोघे मित्र म्हणून राहिले. तेव्हा त्या दोघा सिंदबादांचा निवाडा तुम्हाला दोघांना मिळून करावा लागेल.